उठल्या उठल्या अंग का आखडतं?

रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी एक-दोन सेंटिमीटरने उंच भरतो, पण पाठ मात्र ताठरते. म्हणूनच अंथरूण सोडताच पायाचे अंगठे धरायला वाकू नये. पहिला तासभर कमरेतून खोल वाकणं टाळलेलंच बरं.

सुरुवात पडल्या पडल्याच करावी. पावलं वर-खाली हलवावीत, घोटे गोल फिरवावेत, टाच गादीवरून सरकवत एकेक गुडघा दुमडावा. मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावं. जोगेश्वरीतल्या चाळीतल्या खोलीत चटई पसरायला जागा नसेल, तरी अडत नाही. भिंतीला तळवे टेकून, एक पाय मागे घेऊन पोटरी ताणावी. वीस-तीस सेकंद, झटका न देता. लोकलमध्ये तासभर उभं राहणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये.

सामान्य माणसाला घरी जमेल असा व्यायाम ही कल्पना नवी नाही. जोगेश्वरीजवळच वर्सोव्याला २५ डिसेंबर १९१८ रोजी, दादाभाई नौरोजींच्या घरात, योगगुरू श्री योगेंद्र यांनी ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. संसारी माणसाला झेपेल असा योग शिकवण्याचा त्यांचा ध्यास होता. संस्था आज सांताक्रूझला आहे.

वयोमानाने झिजलेले सांधे साधारण अर्ध्या तासात मोकळे होतात. आखडलेपणा तासभर टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करावी. तरुणपणी कंबर विश्रांतीने जास्त धरत असेल आणि हालचालीने सुटत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावं.