साहेब हाताखालच्याला शिकवतो, ते कशासाठी?

मंडळी, आपल्या नागपूरचंच उदाहरण घेऊ. १८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांनी व्यवस्थापक नेमले बेझनजी मेहता. ते आले रेल्वेतून; कापडधंद्याचा अनुभव नव्हता. म्हणजे ज्याला स्वतःलाच शिकायचं होतं, त्याच्यावर विश्वास टाकला. पुढे याच गिरणीत उमेदवार घेऊन त्यांना शिकवून तयार करण्याची पद्धत आली.

ॲरिस्टॉटल म्हणतो, शिकवता येणं ही जाणकाराची खूण. आपण त्यात एवढीच भर घालू: जाणकारालाही ‘हा शिकला तर माझी खुर्ची गेली’ अशी धास्ती असेल, तर तो हातचं राखूनच सांगणार. तेव्हा साहेबाला उपदेश करण्याआधी त्याची ही धास्ती काढावी. विश्वास मिळालेला माणूसच मोकळ्या हाताने शिकवतो.