डोमेन कंपनीचे शेअर घेताना: नोंदवही कोणाकडे आहे?

संकेतस्थळांची नावे, म्हणजे डोमेन, नोंदवणाऱ्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत आणि बातमी येते की या धंद्यात नवे स्पर्धक उतरत आहेत. विकावे की थांबावे? 1999 साली अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्यूशन्सच्या भागधारकांपुढे हाच प्रश्न होता. तेच उदाहरण घेऊन एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी: कंपनीचे काम ओळखावे. गावच्या जमिनीचे सातबारे एकाच दप्तरात असतात, व्यवहार जुळवणारे दलाल मात्र कितीही असू शकतात. इथेही तसेच आहे. ‘डॉट कॉम’ नावांची मूळ नोंदवही सांभाळते ती रजिस्ट्री. ग्राहकाला नाव विकतो तो रजिस्ट्रार. नेटवर्क सोल्यूशन्सकडे दोन्ही कामे होती. 1995 पासून ती दोन वर्षांच्या नोंदणीचे 100 डॉलर घेऊ लागली.

दुसरी पायरी: स्पर्धा कुठे आली ते पाहावे. नावांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणारी आयकॅन ही संस्था 1998 मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी विक्रीचे काम इतरांना खुले झाले. नोंदवही मात्र एकच राहिली. 2000 पासून प्रत्येक विक्रेत्याला दर नावामागे वर्षाला 6 डॉलर या वहीसाठी मोजावे लागत. म्हणजे दुकानातला प्रतिस्पर्धी हाच वहीचा गिऱ्हाईक झाला. अनेक जण इथेच चुकतात आणि दोन्ही कामांना एकच धोका आहे असे धरून चालतात.

तिसरी पायरी: आगाऊ पैसे वेगळे काढावेत. ग्राहक वर्षा-दोन वर्षांचे शुल्क एकदम भरतो, पण हिशेबात ते महिन्या-महिन्याने उत्पन्न म्हणून धरले जाते. उरलेल्या रकमेला डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात, म्हणजे हातात आलेले पण अजून न कमावलेले पैसे. विक्री घटली तरी जुन्या शुल्कामुळे उत्पन्न काही काळ चांगले दिसते. म्हणून ताळेबंदातला हा आकडा दर तिमाहीला पाहावा. तो घटू लागला, तर कारण शोधावे.

चौथी पायरी: नूतनीकरण मोजावे. नवी नावे किती विकली यावर समाधान मानू नये. मुदत संपलेल्या शंभर नावांपैकी किती पुन्हा त्याच कंपनीकडे नोंदवली गेली, हे महत्त्वाचे. कारण ग्राहक आपले नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेऊ शकतो. तेजीत केवळ पुढे विकण्यासाठी घेतलेली नावे तर बरेच जण सोडून देतात.

पाचवी पायरी: कोणत्या कामासाठी किती किंमत मोजतो ते पाहावे. मार्च 2000 मध्ये, तेजीच्या शिखरावर, व्हेरिसाइन या दुसऱ्या कंपनीने नेटवर्क सोल्यूशन्स सुमारे 2100 कोटी डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात घेण्याचे जाहीर केले. 2003 मध्ये व्हेरिसाइनने विक्रीचा विभाग सुमारे 10 कोटी डॉलरला विकला आणि वही स्वतःकडे ठेवली. डॉट कॉमची ती वही आजही व्हेरिसाइनकडेच आहे.

ती वहीसुद्धा करारावर चालते आणि शुल्काची मर्यादाही करारच ठरवतो. म्हणून शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालात कराराची मुदत आणि दरवाढीची अट आपण स्वतः वाचावी. कष्टाचा पैसा गुंतवताना तासभराचे हे वाचन टाळू नये.