पाषाणांतील घटिकापात्र

वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचा काळ ठरवावयाचा तर शिलालेख आहेत, शिल्पांची धाटणी आहे. परंतु जी गुहा मनुष्यानें खोदलीच नाहीं, जिच्या भिंतीवर एक अक्षरहि नाहीं, तिच्या पोटांतील दगडाचें वय कोणाला विचारावें? श्रोतेहो, आश्चर्य असें कीं, तें त्या दगडालाच विचारतां येतें. तें कसें, हें आज पाहूं.

अशा गुहा बहुधा चुनखडीच्या डोंगरांत असतात. आपला सह्याद्रि काळ्या कातळाचा, म्हणून इकडे त्या सहसा दिसत नाहींत. मेघालयांत मात्र पुष्कळ आहेत. पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना तेथील कर्बाम्लवायु शोषून घेतें आणि चुनखडी विरघळवीत खालीं उतरतें. गुहेच्या छतांतून तें ठिबकूं लागलें कीं वायु निघून जातो व चुन्याचा अत्यंत पातळ थर मागें राहतो. थरावर थर चढून छतापासून सुळके लोंबतात, जमिनीवरून खांब उभे राहतात.

आतां यांत घड्याळ कोठून आलें? या पाण्यांत युरेनियम धातूचाहि अत्यल्प अंश विरघळलेला असतो. युरेनियमचे अणु ठराविक गतीनें फुटतात व त्यांपासून थोरियम निर्माण होतें. हें थोरियम पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. म्हणून नव्या थरांत युरेनियम असतें, थोरियम नसतें. पुढें त्यांत जें थोरियम सांपडेल, तें तेथेंच जन्मलेलें.

लग्नाची वेळ साधण्यासाठीं आपल्याकडे घटिकापात्र ठेवीत. तळाशीं बारीक छिद्र असलेलें पात्र पाण्यावर सोडलें म्हणजे आंत शिरलेल्या पाण्यावरून गेलेला काळ कळतो. चुन्याचा थर हें असेंच पात्र, आणि थोरियम हें आंत शिरणारें पाणी. परंतु पात्र आरंभीं कोरडें हवें, त्याला दुसरी चीर नको, आणि तें भरून बुडाल्यावर पुढील काळ तें सांगणार नाहीं. या तिन्ही अटी येथेंहि आहेत. थरांत माती मिसळली असेल तर तिजबरोबर आलेलें परकें थोरियम हिशेबांतून वजा करावें लागतें. मागाहून पाण्यानें युरेनियम धुऊन नेलें असेल तर वय खोटें येतें. शिवाय हें थोरियमहि फुटतच असतें. सुमारें ७५,००० वर्षांत तें निम्में उरतें. त्यामुळें पांच-सहा लाख वर्षांपलीकडे जमा व खर्च सारखे होऊन घड्याळ मुकें होतें. तरीहि कर्ब-१४ या प्रसिद्ध पद्धतीची मर्यादा सुमारें ५०,००० वर्षांचीच आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे याचें महत्त्व कळतें.

चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेंतील एका खांबाचे थर याच रीतीनें मोजले गेले. थरांतील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचें प्रमाण त्या त्या काळच्या पावसाची साक्ष देतें. त्यावरून सुमारें ४,२०० वर्षांपूर्वीं मोसमी पाऊस दुबळा झाल्याचें दिसून आलें. इ. स. २०१८ मध्यें आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघानें हाच खांब प्रमाण मानून, तेव्हांपासून आजतागायतच्या कालखंडास ‘मेघालयन’ हें नांव दिलें.

सिंधु संस्कृतीचीं नगरें याच अवर्षणानें ओस पडलीं, असें कांहीं विद्वान् म्हणतात. कांहींना तें मान्य नाहीं. त्या नगरांची उतरती कळा इ. स. पूर्वीं १९०० च्या सुमारास, म्हणजे अवर्षणाच्या आरंभानंतर दोन-तीनशें वर्षांनीं, दिसूं लागते. एवढें अंतर कार्यकारणाच्या आड येतें काय, हा खरा वाद. पण तो या नेमक्या मुद्द्यावर येऊन ठेपला, तो वर्षांची मोजणी झाली म्हणून. ‘फार प्राचीन काळीं’ असें म्हटलें कीं कोणतीहि घटना कोणत्याहि घटनेस जोडतां येते. आंकडा आला कीं कल्पनेला लगाम बसतो. गुहेंतील मुक्या दगडानें इतिहासाला शिकविलें तें हेंच.