पिशवी काठावर, आपण पाण्यात

गळ टाकून नदीकाठी बसणे हे रिकामटेकड्या माणसाचे लक्षण, अशी आपल्या मध्यमवर्गात एक पक्की समजूत आहे. त्यातून तो माणूस कॉलेजात मराठी शिकवणारा असला तर बोलायलाच नको! "मासळी बाजारात मिळत नाही का हो?" हा प्रश्न मला घरी, शेजारी आणि स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की आता मी उत्तर देत नाही, नुसता हसतो. पण या छंदाबद्दल खरोखर विचारण्याजोगा प्रश्न मला आजवर एकाच व्यक्तीने विचारला. ती माझी दहा वर्षांची पुतणी. "काका, तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा तुमच्या पिशवीजवळ कोण बसतं?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्यात या छंदाचे सारे अर्थशास्त्र आणि थोडे नीतिशास्त्रही आहे. मोटारवाला हौशी आपले सामान डिकीत टाकून कुलूप लावतो. चौघे मित्र मिळून जातात तेव्हा त्यांत एक आळशी असतोच. तो सामानाजवळ पसरतो. अडचण होते ती शनिवारी दुपारी एस.टी.ने एकट्याने जाणाऱ्याची. मासा काही आपल्या सोयीसाठी पिशवीजवळ येत नाही. तो धारेपलीकडच्या कातळाखाली असतो. तिथवर जायचे तर गुडघाभर पाणी ओलांडावे लागते, आणि खांद्यावर ओझे घेऊन शेवाळलेल्या दगडांवरून चालणे म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण! तेव्हा पिशवी काठावर राहते आणि तिची काळजी तेवढी आपल्याबरोबर पाण्यात येते.

माझी मुशाफिरी बहुतेक कोयनेच्या काठाने. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून दक्षिणेकडे धावणारी ही नदी हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला येऊन कृष्णेला समोरासमोर भेटते. हेळवाक ते कराड हा चिपळूणचा रस्ता तिच्या सोबतीने जातो. त्यामुळे एस.टी.तून सोयीच्या गावी उतरावे आणि थोडे चालून पाण्याला लागावे. धरणाच्या वरच्या अंगाला अभयारण्य आहे; तिकडे गळ न्यायचा नाही. खालच्या अंगाला मात्र दिवाळी झाली की पाणी निवळते, दगड दिसू लागतात आणि आमच्यासारख्यांचा हंगाम सुरू होतो.

सामानाचा पहिला नियम काटकसरीनेच शिकवला आहे. काठावर तेच ठेवावे, जे गेले तर संध्याकाळचे जेवण गोड लागेल. वेळूची काठी, नायलॉनची दोरी, चार गळ, शिशाच्या गोळ्या, गांडुळांचा डबा, कणकेचा गोळा, एक पंचा, भाकरी आणि पाण्याची बाटली एवढ्यावर उत्तम मासेमारी होते. त्यातली काठी हातात असते. उरलेले कुणी नेले तरी नेणाऱ्यालाच पश्चात्ताप व्हावा! घराची किल्ली, परतीच्या भाड्याचे पैसे, रोजचे औषध आणि मोबाईल या चार वस्तू मात्र अंगावर हव्यात. मोबाईल हाच आता बटवाही झाला आहे. तो दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावा. विद्यार्थ्यांचे तपासायचे पेपर नदीवर कधीच नेऊ नयेत. ते कुणी चोरणार नाही हे खरे, पण गाई-गुरांचा भरवसा नाही.

हे मी थट्टेने म्हणत नाही. काठावरच्या पिशवीचे खरे शत्रू माणसे नसतातच. गाईला मिठाचा वास लागला की ती घामट पंचा चावून चोथा करते. कावळा गांडुळांचा डबा उलथा करतो. कुत्रे भाकरी नेते आणि माकड न लागणाऱ्या वस्तूही नेते. यावर उपाय म्हणजे झाकणाचा डबा, तोंड बांधलेली पिशवी, आणि ती टांगायला गुरांच्या तोंडापेक्षा उंच फांदी.

नवशिक्याला यापेक्षा एक सोपी युक्ती सुचते. ती म्हणजे पिशवी झुडपात दडवणे. ही युक्ती सर्वांत वाईट. एक तर झुडपात आपल्याआधी विंचू-सापांची वस्ती असते. दुसरे म्हणजे संध्याकाळच्या उजेडात सगळी झुडपे सारखी दिसतात. आणि तिसरे, जे मला फार महत्त्वाचे वाटते: उघड्यावर नीट ठेवलेली पिशवी "मी कुणाची तरी आहे" असे सांगते, दडवलेली पिशवी सापडली तर ती बेवारशी तरी वाटते, नाहीतर चोरीची तरी. बेवारशी वस्तूबद्दल आपल्याकडे पूर्वापार विचार झाला आहे. ज्याचा मालक ठाऊक नाही असे धन राजाने तीन वर्षे सांभाळावे, तेवढ्यात मालक आला तर त्याला परत करावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ७१ वे कलम सांगते की, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. आणि अशी वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा गुन्हा १८६० च्या दंड संहितेत ४०३ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात आहे. काठावर उघड ठेवलेली पिशवी तर हरवलेलीही नसते. ती नेणे ही सरळ चोरीच. पण नदीकाठी कायद्याचे पुस्तक घेऊन कोण बसते? तिथे कामाला येते ती जवळची माणसे.

म्हणून दुसरा नियम. पिशवी कुणाच्या तरी कानावर घालून ठेवावी. पंढरपूरला चंद्रभागेत स्नानाला उतरणारी कुटुंबे पाहा. एकजण कपड्यांजवळ बसल्याखेरीज बाकीचे पाण्यात जात नाहीत. आणि एकटा वारकरी असला तर तो शेजारच्या अनोळखी कुटुंबाला "माउली, जरा लक्ष ठेवा" म्हणतो आणि निःशंकपणे बुडी मारतो. नदीवर धुणे धुणारी बाई, म्हशी घेऊन आलेला पोरगा, मोटर चालू करायला आलेला शेतकरी, यांपैकी कुणीतरी असतेच. "मावशी, पिशवी इथं ठेवतोय. त्या वरच्या कातळाकडं जातोय. पाच वाजेपर्यंत परत येतो." तीन वाक्ये पुरतात. काय ठेवले, कुठे चाललो, कधी येणार. उत्तर ठरलेले: "ठिवा की मास्तर, कोन नेतंय!"

या बोलण्याचा वरचा नफा म्हणजे ज्ञान. कोणत्या डोहात शिवडा आहे, वाम कुठल्या कपारीत असते, हे काठावरचा माणूसच सांगतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यानेही इथली नावे उचलून लॅटिनच्या शेजारी बसवली. खुद्री, कोळस, मळ्या, शिंघाळा, नुक्ता ही नावे आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. मराठीच्या प्राध्यापकाला गळाला मासा लागल्याइतकाच आनंद याचा होतो.

पण ती तीन वाक्ये केवळ पिशवीसाठी नसतात, हे मला एका मार्गशीर्षातल्या दुपारी नीट उमगले. एस.टी.तून उतरून मी पाटणच्या खालच्या एका गावाच्या पाणवठ्यावर आलो, तो तिथे दहा-बारा माणसे गोल करून उभी. मध्ये एका खडकावर कापडी पिशवी, तिच्यावर चष्म्याचे घर, आणि शेजारी नीट जोडून ठेवलेल्या चपला. माणूस कुठेच नाही. पाणी सकाळपेक्षा चढलेले होते. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहात दोन संच आहेत. एक चालू झाला की १०५० क्युसेक पाणी नदीत येते, दोन्ही चालले की २१००. १०५० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे तीस हजार लिटर! सकाळी घोट्याएवढी असलेली धार दुपारी मांडीपर्यंत येते ती अशी. कुणी पोलीस पाटलांकडे धावले होते. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा सदरा काढून कमरेला कासरा बांधत होता. डोहात बुडी मारून बघायला.

तेवढ्यात वरच्या वळणावरून अनवाणी पायांनी, हातात काठी आणि काठीला लटकलेले दोन मासे घेऊन एक गृहस्थ आले. पोस्टातून निवृत्त झालेले, माझ्या तोंडओळखीचे, माझ्यासारखेच एकटे फिरणारे. गर्दी पाहून त्यांनीच विचारले, "काय झालं?"

क्षणभर कुणी बोलले नाही. मग धुण्याजवळ बसलेली एक म्हातारी उठली. "आवं भाऊ, चपला आशा काठाला सोडून कुटं जात्यात व्हय? गेल्या साली हितंच एकाच्या चपला घावल्या. नुसत्या चपलाच." एवढे बोलून ती पुन्हा खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मुलगा कमरेचा कासरा सोडत होता. त्याचे हात थरथरत होते, ते मी पाहिले. त्या गृहस्थांनीही पाहिले. ते म्हातारीशेजारी वाळूत बसले. बराच वेळ ते उठले नाहीत.

काठावर पडलेल्या पिशवीचा गावाला लागणारा अर्थ हा असा असतो, वाचकहो. आपण चोराचा विचार करत असतो, तेव्हा गाव आपल्या जिवाचा विचार करत असते. आणि आपल्या न सांगण्यापायी एखाद्या पोराने उगाच खोल पाण्यात उडी घ्यावी, हे पिशवी जाण्यापेक्षा कितीतरी महाग. म्हणून मी चपला काठावर ठेवत नाही. जुने कॅनव्हासचे बूट घालूनच पाण्यात उतरतो. दगडावर पायही घसरत नाही. पिशवी ठेवतो ती पाण्याच्या कडेला नव्हे, तर पुराच्या काडीकचऱ्याची रेघ जिथे दिसते तिच्या वर. भोंगा वाजला किंवा पाणी गढूळले की मासा गळाला असला तरी बाहेर निघतो. आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेवर जाणे झाले तर पाण्यात उतरतच नाही. तिथे मगरी आहेत आणि त्यांना पिशवीत रस नसतो.

आता राहिली ती पाण्यात सोडलेल्या गळाची गोष्ट. इंग्रजांचा मासेमारीतला आदिगुरू आयझॅक वॉल्टन याचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले. त्यात तो काठी पाण्याकडे लावून ठेवून शिष्याबरोबर झाडाखाली गप्पा मारत बसतो, आणि ही काठी व्याजी लावलेल्या पैशासारखी, आपण बसलेले असताना ती आपले काम करते, असे सांगतो. गुरूचा हा उपदेश मला मान्य नाही. पिशवी एकटी सोडावी, गळ सोडू नये. गळाला लागलेला जीव तिथे तासन्‌तास तडफडतो, कासव अडकते, दोरी तुटली तर पाणपक्ष्याच्या पायात गुंतते. ज्याला उठून जायचे आहे त्याने दोरी गुंडाळून घ्यावी.

भोई मंडळींची गोष्ट वेगळी. ती संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे काढतात. ते त्यांचे पोट आहे. आपल्या पिशवीची चिंता वाहताना एकदा तिकडे नजर टाकावी. त्यांचे सारे भांडवल, जाळी, दोर, हवा भरलेल्या ट्यूबा, रात्रभर नदीवर उघडे पडलेले असते. त्याला कुलूप नाही, पहारेकरी नाही. एक जाळे कुणी फाडले किंवा नेले तर त्या घरातली कमाई थांबते. माझी पिशवी गेली तर माझा पंचा जातो. म्हणून त्यांच्या जाळ्याच्या खुणा दिसल्या की तिथे गळ टाकायचा नाही, वाहत आलेले जाळे दिसले तर ओढून काठाला बांधायचे आणि गावात निरोप द्यायचा, हा माझा तिसरा नियम आहे. चार-सहा वेळा एवढे केले की नदीवर आपण परके राहत नाही. मग आपण वळणापलीकडे असलो तरी पिशवीकडे कुणाची तरी नजर असते आणि पाच वाजून गेले की कुणीतरी हाक मारते.

यंदा दिवाळीनंतर कुणाला हा छंद लावून घ्यायचा असेल, तर महागडी रीळ आणायची घाई करू नये. वेळूची काठी पुरे. पैसे वाचले तर एक रुंद झाकणाचा डबा घ्यावा आणि त्यात फराळातल्या चार करंज्या जास्तीच्या घालाव्यात. काठावर धुणे धुणाऱ्या मावशीला त्या द्याव्यात, आपण कुठे चाललो ते सांगावे, आणि मग खुशाल पाण्यात उतरावे.