डब्याची किल्ली कुणाकडे?

मुकुंदवाडीच्या दाट वस्तीत नेट बंद पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लाल लाईट लागली का?’ लागली असेल तर विषय संपला. खांबावरून खांबावर गेलेली काळी फायबर वायर कुठंतरी तुटली आहे, नेटवाल्याला फोन करायचा आणि वाट बघायची. खरी पंचाईत होते ती सगळ्या लाईट हिरव्या असून नेट रांगायला लागतं तेव्हा.

रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत एका ओळखीच्या घरी हेच चाललं होतं. खाली घरमालक, वरच्या खोल्यांत चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टला जाणारी पोरं. वायफाय भाड्यातच धरलेलं. “संध्याकाळ झाली की गोल गोल फिरायलंय नुसतं,” काका वैतागून म्हणाले. “नेटवाला म्हणतो, प्लॅन वाढवा.” मी म्हटलं, पैसे वाढवण्याआधी डब्याच्या, म्हणजे राऊटरच्या, सेटिंगमध्ये डोकावून बघू. डब्याला सेटिंग असतं आणि ते आपल्याला बघता येतं, हे काकांना नवीन होतं. बहुतेक घरांत ते नवीनच असतं.

डबा टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला, वर धुळीचा थर. सगळी माहिती त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असते. अक्षर इतकं बारीक की चष्म्यालाही दाद देत नाही. मान वाकडी करत बसण्यापेक्षा मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून वाचावा. त्यावर वायफायचं नाव, वायफायचा पासवर्ड आणि त्याखाली आपल्याला हवी असलेली ओळ: १९२.१६८.१.१, यूजरनेम, पासवर्ड. काही डब्यांवर १९२.१६८.०.१ असतं. स्टिकर पुसलं असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून हाच आकडा सापडतो. आयफोनमध्ये त्याला ‘राऊटर’ म्हटलेलं असतं.

डब्याचा हा पत्ता तुमच्याही घरी हाच आणि शेजाऱ्याकडेही हाच कसा, असं काकांच्या नातवाने विचारलं. प्रश्न चांगला होता. १९९६ साली आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने काही आकडे खास घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. ‘आई’ अशी हाक गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकू येते, पण ओ देते ती ज्याची त्याची आई, तसंच हे.

हा आकडा ब्राउझरमध्ये टाकण्यातही खाचाखोचा आहेत. फोनचा मोबाईल डेटा आधी बंद करायचा. नेट अडखळत असेल तर फोन गुपचूप सिमच्या नेटवर उडी मारतो आणि डब्याचं पान काही उघडत नाही. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे. मराठी कीबोर्डवरचे देवनागरी अंक टाकले तर ब्राउझर त्याचा शोध घेत बसतो. पान उघडताना वर ‘सुरक्षित नाही’ असं येतं. ते बघून लोक घाबरून मागे फिरतात. इथे घाबरायचं कारण नाही, हे पान तुमच्या भिंतीवरच्या डब्यातूनच आलेलं असतं.

यूजरनेम अॅडमिन. पासवर्डही अॅडमिन. पहिल्या फटक्यात दार उघडलं.

घरातल्या कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही, कारण वायफायचा पासवर्ड चांगला भक्कम ठेवलेला होता. पण ही दोन वेगळी कुलुपं आहेत. वायफायचा पासवर्ड घरात येऊ देतो, डब्याचा पासवर्ड घरच ताब्यात देतो. वरच्या खोलीतल्या कुठल्याही पोराला हे पान उघडून सगळ्यांचं नेट कुठून कुठे वळवायचं ते ठरवता आलं असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर घेरले, ते काही फार हुशारी करून नव्हे. कारखान्यातून येणाऱ्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या तो एकामागून एक लावून बघायचा. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला घेरलेल्या उपकरणांच्या फौजेने साइटचे पत्ते सांभाळणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मॉडेम असेच आडवे झाले आणि पासवर्ड बदला म्हणून कंपनीला सांगावं लागलं. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला कायद्यानेच बंदी घातली.

आत गेल्यावर सगळ्यात मजेचं पान म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी. घरात माणसं सहा, वर भाडेकरू चार आणि यादीत नावं वीसच्या वर. टीव्ही ओळखू आला, जिन्यातला कॅमेरा ओळखू आला. मग सगळे मोबाईल समोर आणून एकेक जुळवणं सुरू झालं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आजकालचे फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, न देता बनावट देतात, त्यामुळे एकच फोन कधी दोनदा दिसतो. तरीही एक नाव शेवटपर्यंत कुणाचंच निघेना. काकूंनी यादीत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “हा तर मागच्या दिवाळीला खोली सोडून समोर राहायला गेलेला पोरगा!” गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरात वायफायची रेंज भरपूर.

तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि अर्धी सभा उठून गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात इथली मुलं घागरी घेऊन रेल्वेने पुढच्या स्टेशनला जात होती, हे देशभर छापून आलं होतं. मुकुंदवाडीत नेट थांबू शकतं, पाणी भरणं नाही.

तोवर मी वायफायच्या चॅनलचं पान बघून घेतलं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. दाट वस्तीत दहा-पंधरा घरांचे डबे त्याच तिघांवर दाटीवाटीने बसतात आणि संध्याकाळी सगळे एकदम बोलू लागतात. प्लॅन दुप्पट केला तरी ही गर्दी हटत नाही. टीव्ही आणि जवळचे फोन ५ गिगाहर्ट्‌झवर नेले, बाकीच्यांना जरा मोकळा चॅनल दिला. फरक लगेच जाणवला. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत मात्र ५ चा जोर पडतो, तिथे २.४ च बरं.

समोरच्या पोराला बाहेर ठेवायला वायफायचा पासवर्ड बदलला तेव्हा खरी कटकट सुरू झाली. टीव्हीत नवा पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर करत टाकायचा आणि कॅमेरा तर पुन्हा पहिल्यापासून जोडायचा. म्हणूनच लोक वर्षानुवर्षं पासवर्ड बदलत नाहीत, यात आळसापेक्षा या त्रासाचा वाटा मोठा आहे.

एवढ्यात काकांनी नेटवाल्याला फोन लावून सगळं सांगून टाकलं. तो दचकला. “सेटिंगला हात लावू नका, आयडी उडेल.” त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. कनेक्शन चालतं त्याने डब्यात भरून दिलेल्या पीपीपीओई आयडीवर, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनवर. मागच्या छिद्रात टाचणी घालून रिसेट दाबलं तर पुष्कळ डब्यांतला तो आयडी पुसला जातो आणि तो परत भरेपर्यंत घर कोरडं. त्यामुळे रिसेट हा शेवटचा उपाय, आणि वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर काही खोडायचं नाही. पण या भीतीपायी गिऱ्हाईकाला आपल्याच डब्याचा पासवर्ड द्यायचा नाही, हे मला पटत नाही. तसंही पुष्कळ डब्यांत कंपनीचं वेगळं, वरच्या दर्जाचं खातं असतं. त्या खात्याची किल्ली नेटवाल्याकडे राहीलच.

तेव्हा पुढच्या वेळी नेटवाला बिल घ्यायला आला की त्याच्याकडून दोन गोष्टी वहीत लिहून घ्या: डब्याचं लॉगिन आणि तुमचा पीपीपीओई आयडी, पासवर्डासकट. मग लॉगिनचा पासवर्ड बदला, बाहेरून डबा चालवू देणारं ‘रिमोट मॅनेजमेंट’ सुरू असेल तर का सुरू ठेवलंय ते त्याला विचारा आणि गरज नसेल तर बंद करायला लावा. नवा पासवर्ड त्याच वहीत लिहा, डब्यावर नको.