व्हॉल्व्हो : एका गाडीची आणि एका पट्ट्याची गोष्ट

 

आपल्या नगर जिल्ह्याचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एस.टी. धावली, ती पुणे आणि अहमदनगर ह्यांच्या दरम्यान. नगर शहराजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिला आपण व्ही.आर.डी.ई. म्हणतो. लष्कराची वाहने तिथे तयार होतात व तपासली जातात. शिवाय रस्त्यावर येणाऱ्या साध्या वाहनांनाही चाचणी घेऊन दाखला देण्याचा अधिकार कायद्याने तिला आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. पण पुणे, मनमाड, सोलापूर, दौंड अशा चारी दिशांना फुटणारे रस्ते तेच आहेत, आणि त्यांवरची रहदारी मात्र दरसाल वाढतेच आहे. म्हणून आज एका परदेशी गाडीची गोष्ट सांगावी म्हणतो. ती गाडी विकत घ्या, असे सांगण्याचा हेतू नाही. तिच्यातली एक वस्तू तुमच्या-आमच्या गाडीत आधीच येऊन बसलेली आहे. तिची ओळख करून घ्यायची आहे.

'व्हॉल्व्हो' हे नाव तुम्हांला नवे नाही. २००१ सालापासून ह्या नावाच्या मोठ्या बसगाड्या आपल्या देशात धावू लागल्या, आणि पुढे तर कोणतीही वातानुकूलित बस दिसली की लोक 'व्हॉल्व्हो आली' असे म्हणू लागले. वनस्पती तुपाला जसे 'डालडा' नाव पडले, तसेच हे. पण ह्या नावाचा उगम आहे उत्तर युरोपातल्या स्वीडन देशात. हा देश थंडीचा. सहा-सहा महिने बर्फ, रस्ते निसरडे, वस्ती विरळ. तिथे अस्सार गॅब्रिएल्सन हा व्यापार जाणणारा गृहस्थ आणि गुस्ताफ लार्सन हा इंजिनियर असे दोघे एकत्र आले. बाहेरून येणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यांवर टिकत नाहीत, तेव्हा आपणच आपल्या हवेला सोसेल अशी गाडी करू, असा त्यांनी निश्चय केला. बेअरिंग बनवणाऱ्या एस.के.एफ. कंपनीने त्यांना भांडवल दिले आणि नावही दिले. 'व्हॉल्व्हो' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ 'मी गडगडत फिरतो'. बेअरिंगला शोभणारे नाव ते चाकालाही शोभले.

१४ एप्रिल १९२७ रोजी गोथेनबर्ग शहरातल्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. असे सांगतात की, ती पुढे जाण्याऐवजी मागेच चालू लागली, कारण मागच्या आसातले दाते उलटे बसवले गेले होते! चूक सुधारली आणि काम पुढे चालले. तिच्या तोंडावरच्या जाळीवर एक तिरपी पट्टी असते. पुष्कळांना ती सुरक्षेच्या पट्ट्याची खूण वाटते. खरे म्हणजे पहिल्या गाडीवर ती केवळ बिल्ला अडकवण्यासाठी लावली होती. खरा पट्टा यायला अजून बत्तीस वर्षे होती.

ह्या मंडळींचे सुरुवातीपासून एक धोरण होते. गाडी चालवतात माणसे, आणि माणूस म्हटला की चूक आलीच. तेव्हा गाडी अशी करावी की चुकीची शिक्षा प्राणाने भरावी लागू नये. १९४४ साली त्यांनी पी.व्ही. ४४४ ही गाडी लोकांपुढे मांडली. तिला पुढची काच थरांची बसवली होती. अशी काच फुटली तरी तिचे तुकडे जागीच चिकटून राहतात, तोंडात-डोळ्यांत उडत नाहीत.

आता पट्ट्याकडे येऊ. पट्टे पूर्वीही होते; पण ते नुसते पोटावरून बांधायचे. धडक बसली की वरचे अंग पुढे झेपावे, आणि सारा भार मऊ पोटावर येऊन आतल्या आत इजा होई. निल्स बोलिन हा इंजिनियर आधी विमानाच्या कारखान्यात होता. विमान पडू लागले की वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रे तो तयार करी. १९५८ साली तो व्हॉल्व्होत आला. त्याने विचार केला की, माणसाच्या अंगातले मजबूत भाग कोणते? कमरेचे हाड आणि छातीचा पिंजरा. मग धक्का तिथेच पेलायचा. एक पट्टा कमरेवरून, दुसरा खांद्यावरून छातीवर तिरपा, आणि दोन्ही कुल्ल्याच्या बाजूला एकाच ठिकाणी अडकवायचे. शिवाय एका हाताने लावता आला पाहिजे, नाही तर कोण लावतो! १९५९ साली हा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा गाड्यांत बसू लागला.

आणि पुढची गोष्ट मोलाची. ह्या शोधाचा हक्क कंपनीने नोंदवला होता. इतर कारखान्यांकडून दर गाडीमागे पैसे घेता आले असते. पण कंपनीने तो हक्क सर्वांना खुला केला. आपल्या जिल्ह्याला हे सहज कळेल. १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी लोणीला शेतकऱ्यांनी सहकाराने साखर कारखाना उभा केला, आणि तो मार्ग मग साऱ्या महाराष्ट्राने धरला. चांगली गोष्ट एकट्याच्या कुलपात राहिली तर तिचा उपयोग किती? आज तुमच्या गावच्या चारचाकीत जो पट्टा लोंबतो आहे, तो ह्याच बोलिनच्या पट्ट्याचा वंशज.

पुष्कळ जण म्हणतात, "मी स्टिअरिंग घट्ट धरतो की, पट्टा कशाला?" तर थोडा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी झाडावर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर, म्हणजे साडेपाच परस खोल कोरड्या विहिरीत पडणे. वेग अंगाला जाणवत नाही, कारण आपण त्यात बसलेलो असतो. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो काचेवर किंवा डॅशबोर्डवर आदळून पाच-सहा सेंटीमीटरांत थांबला, तर ६० किलोच्या माणसावर शंभर क्विंटलांहून अधिक जोर येतो. पट्टा लावलेला माणूस मात्र गाडीच्या पुढच्या चेपणाऱ्या भागाबरोबर अर्ध्या मीटरभर अंतरात थांबतो. अंतर दहापट झाले की जोर एक दशांश होतो, म्हणजे सुमारे बारा क्विंटल. हाही थोडा नव्हे. पण रुंद पट्ट्यावरून हाडांवर वाटला गेला तर माणूस वाचतो. बारा क्विंटल दोन्ही हातांनी पेलणारा पहिलवान मात्र कुठल्या आखाड्यात सापडेल?

माय-बहिणींनी ह्यापुढचे जरूर ऐकावे. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसण्याची आपल्याकडे रीत आहे. आईच्या कुशीसारखी सुरक्षित जागा नाही, असे आपण म्हणतो. एरवी ते खरे आहे. पण धडकेच्या क्षणी दहा किलोचे लेकरू दोन क्विंटलांचे होते. ज्वारीची दोन पोती. ती कोणत्याही आईच्या हातांत राहणार नाहीत. माया कमी पडते म्हणून नव्हे, हाताचे बळच तेवढे नाही. म्हणून लेकराला मागे बसवावे, आणि त्याच्यासाठी वेगळे आसन मिळत असेल तर ते घ्यावे. व्हॉल्व्होने १९७२ साली मुलांसाठी मागे तोंड करून बसवण्याचे आसन विकायला काढले, ते ह्याच कारणाने. त्यात धक्का लेकराच्या नाजूक मानेवर न येता साऱ्या पाठीवर येतो.

बोलिनने पुढे १९६७ साली स्वीडनमधल्या २८,००० अपघातांची पाहणी मांडली आणि पट्ट्याचा उपयोग आकड्यांनी दाखवून दिला. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की, पट्ट्यामुळे गाडीतल्या माणसाच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो.

मग ही गाडी वापरणाऱ्यांचा अनुभव काय? १९७४ ते १९९३ ह्या काळात निघालेल्या २४० जातीच्या गाडीला तिचे मालक लाडाने 'वीट' म्हणत. चौकोनी, जड, दिसायला ओबडधोबड, पण न कुरकुरणारी. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली एक व्हॉल्व्हो घेतली आणि २०१३ साली त्या एकाच गाडीने तीस लाख मैल पुरे केले. म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरांहून अधिक! गुपित काय, तर वेळच्या वेळी तेल बदलणे आणि आवाज बदलला की लगेच पाहणे. बैलाला वेळेवर वैरण आणि नाल, तसेच हे. तक्रारीही आहेत. गाडी महाग, सुटे भाग महाग, आणि आपल्या तालुक्याच्या गावी तर ते मिळणारच नाहीत. मालकीही फिरत गेली. मोटारींचा कारखाना १९९९ साली अमेरिकेच्या फोर्डकडे आणि २०१० साली चीनच्या जीलीकडे गेला. बस व ट्रकांची कंपनी वेगळी राहिली. नव्या व्हॉल्व्होत २०२० सालापर्यंत कोणी मरू नये, असा संकल्प त्यांनी सोडला होता. तो पूर्णपणे साधला नाही. तेव्हा गाडी कितीही चांगली असो, वेगापुढे तिचेही चालत नाही.

आता आपल्या घरचा आकडा ऐका. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली १६,७१५ माणसे पट्टा न लावलेली होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री ह्यांचे अपघाती निधन झाले; ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. उत्तम गाडी, उत्तम पट्टा; पण लावला तर उपयोग. २०१९च्या दुरुस्तीनंतर पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी पट्टा लावणे म्हणजे मास्तरांच्या भीतीने अंघोळ करणे. पोलीस दिसला की पट्टा छातीवर ओढून धरणारे, किंवा गाडी ओरडू नये म्हणून नुसतीच कडी खाचेत अडकवणारे लोक आपण पाहतो. फसवणूक होते ती कोणाची?

गुरुजनहो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका खेळण्यातल्या गाड्यावर चिकणमातीची बाहुली ठेवा, फळी तिरपी करून गाडा सोडा, आणि खाली वीट ठेवा. बाहुली उडून पडेल. दुसऱ्यांदा तिला बारीक दोऱ्याने बांधा. दोरा मातीत रुतेल. तिसऱ्यांदा कापडाच्या रुंद पट्टीने बांधा. न्यूटनचा पहिला नियम आणि बोलिनचा पट्टा दोन्ही एका तासात समजतील. आणि पोर घरी जाऊन बापाला विचारील, "दादा, पट्टा लावला का?" हजार रुपयांच्या दंडापेक्षा ह्या एका प्रश्नाचा धाक मोठा आहे.

लग्नाच्या वऱ्हाडाला निघा, शिर्डीला निघा, की मार्केटला कांद्याची पट्टी आणायला निघा. किल्ली फिरवण्याआधी पुढच्या-मागच्या सर्वांकडे एकदा वळून पाहा. 'खट्' असा आवाज प्रत्येक सीटवरून आला की मग गाडी हलवा. त्या आवाजाला दोन सेकंद लागतात. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी तेवढे दोन सेकंद आपण काढूच.