दहापैकी नऊ, आणि तरी पैसे पाण्यात?

६ सप्टेंबर २०२४. त्या दिवशी सोनीचा ‘ॲस्ट्रो बॉट’ पीएस५वर आला. आणि त्याच दिवशी सोनीनंच ‘कॉन्कॉर्ड’ नावाच्या आपल्या दुसऱ्या गेमचे सर्व्हर बंद केले, ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांचे पैसे परत केले. एकाच घरात एका खोलीत बारसं आणि दुसऱ्या खोलीत तेरावं! कॉन्कॉर्ड बाजारात आला होता २३ ऑगस्टला, म्हणजे पोराला पुरते चौदाच दिवस मिळाले.

गंमत अशी, की या दोन्ही गेमांबद्दल समीक्षकांनी जे लिहिलं होतं ते वाचलं असतं तर हे येताना दिसत होतं. पण आपण वाचतो का? आपण स्क्रोल करत खाली जातो, आकडा बघतो, आणि ग्रुपवर टाकतो, ‘भावा, ९ आहे, घेऊन टाकू.’

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर चौघांत मिळून एक सेकंडहँड पीएस५ आहे. मोठा नवीन गेम म्हणजे साधारण ४,९९९ रुपये. भागिले चार, म्हणजे माणशी १,२५०. मेसचे दहा-बारा दिवस झाले की हे! त्यामुळे आमच्याकडे गेम घेणं म्हणजे जवळजवळ ग्रामपंचायतीचा ठराव असतो. आणि असाच एक ठराव आमचा सपशेल फसला. नाव सांगत नाही, पण भलामोठा ओपन वर्ल्ड, ट्रेलर बघून तोंडाला पाणी, एका मोठ्या साइटवर दहापैकी नऊ. पहिले आठ तास आम्ही खूश. मग लक्षात आलं, की टॉवरवर चढायचं, नकाशा उघडायचा, तळ जिंकायचा, पुन्हा पुढचा टॉवर. तीस तासांनंतर त्या डिस्कला कोणी हात लावेना. सगळ्यात चीड कशाची आली सांगू? नंतर तोच रिव्ह्यू नीट वाचला तर त्यात मध्येच एका परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं, की कामं लवकरच तीच ती वाटू लागतात. लिहिणाऱ्यानं सांगितलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं.

आकड्याची भानगड

गेमला मार्क देण्याची पद्धत जुनी आहे. जपानमधल्या ‘फामित्सु’ मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी छापतात. तिथं पैकीच्या पैकी पहिल्यांदा मिळाले १९९८मध्ये, ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ला. पुढे मेटाक्रिटिक आलं. जगभरातल्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा. गेमसाठी ७५ किंवा वर म्हणजे हिरवा, ५०च्या खाली लाल, मधला पिवळा. सिग्नलसारखंच, फरक इतकाच की पुण्यात सिग्नल कोणी मानत नाही आणि हा आकडा मात्र सगळे मानतात.

अगदी कंपन्यासुद्धा. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ २०१०मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीच्या ख्रिस ॲव्हेलोननं २०१२मध्ये ट्विटरवर सांगितलं, की मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले असते तर कंपनीला बोनस होता. मिळाले ८४. एका मार्कानं एटीकेटी लागलेल्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. पण विचार करा, कुठल्या तरी दोन समीक्षकांनी साडेआठाऐवजी आठ दिले म्हणून स्टुडिओचा बोनस गेला. आणि तोच गेम आज कित्येक जण त्या मालिकेतला सगळ्यात भारी मानतात.

मग ‘युझर स्कोअर’ बघायचा का? लोकांचं मत, खरं मत? ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ १९ जून २०२०ला आला. संपवायला वीस-पंचवीस तास लागणारा गेम. पण आल्याच दिवशी काही तासांत शून्य मार्कांचा पाऊस पडला. कथेतले धक्के आधीच लीक झाले होते, त्यावर लोक चिडलेले. समीक्षकांचा आकडा नव्वदीच्या वर आणि लोकांचा त्याच्या निम्म्याहूनही खाली. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकनं नियम केला, की गेम आल्यावर ३६ तास युझर रिव्ह्यू टाकता येणार नाही. आता माझं मत विचाराल तर मला स्वतःला तो गेम दुसऱ्या अर्ध्या भागात लांबलेला वाटला. पण ते खेळून वाटलं.

कुठल्या मशिनवर?

आकड्याच्या मागे आणखी एक गोष्ट लपते, आणि आपल्यासारख्यांना, म्हणजे जुन्या कन्सोलवर वर्षानुवर्षं ढकलणाऱ्यांना, तीच जास्त महागात पडते. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२०ला आला. रिलीजच्या आधी समीक्षकांना मिळाली ती पीसीची प्रत, आणि व्हिडिओतही स्वतः रेकॉर्ड केलेलं दृश्य वापरायला मनाई. साहजिकच सुरुवातीचे रिव्ह्यू छान आले. ज्यांनी तो पीएस४वर लावला त्यांच्यासमोर मात्र धूसर चेहरे, अडकणाऱ्या गाड्या आणि दर थोड्या वेळानं क्रॅश. आठवडाभरात सोनीनं तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, आणि तो परत आला थेट जून २०२१मध्ये. आज तोच गेम पीएस५वर खेळा, बराचसा वेगळा अनुभव आहे. म्हणजे जुना रिव्ह्यू खोटा होता असं नाही आणि नवा खरा आहे असंही नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत.

म्हणून आमच्या फ्लॅटवर आता पहिला प्रश्न असतो, ‘कशावर खेळून लिहिलंय?’ त्याचं उत्तर चांगले समीक्षक पहिल्या नाहीतर शेवटच्या ओळीत देतातच. दुसरा प्रश्न, ‘किती खेळून लिहिलंय?’ इथं ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आठवतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला बसलेली टीम चेरी नावाची चिमुकली टीम. गेम जाहीर केला २०१९मध्ये आणि बाहेर काढला ४ सप्टेंबर २०२५ला. किंमत फक्त वीस डॉलर. त्या दिवशी स्टोअर कोसळली, अक्षरशः. आणि समीक्षकांना आगाऊ प्रत दिलीच नव्हती, तेही आपल्याबरोबरच पहिल्या बॉसच्या हातचा मार खात होते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ‘अजून खेळतोय, आत्तापर्यंतचं मत’ अशा पद्धतीचे लेख आले. मला ते आवडले. कारण त्यात गुण नव्हते, कुरकुर होती. एका फटक्यात दोन जीव जातात. मेलात की बॉसपर्यंत पुन्हा लांबून चालत या. काही ठिकाणी बाकड्यावर बसायचेही पैसे मोजा! हे वाचून आमच्यातला एक म्हणाला, ‘नको रे बाबा’, आणि दुसरा म्हणाला, ‘मला हेच पाहिजे.’ तोच लेख, तीच ओळ. रिव्ह्यू चांगला असल्याची याहून मोठी खूण मला तरी माहीत नाही.

आता पुन्हा त्या बारसं-तेराव्याकडे येऊ. कॉन्कॉर्डबद्दल समीक्षक काय म्हणत होते? की बंदुका चालवायला मजा येते, तांत्रिक बाजू पक्की आहे, पण पात्रं लक्षात राहत नाहीत, आणि ज्या प्रकारचे गेम ‘ओव्हरवॉच २’ आणि ‘व्हॅलरंट’ फुकट देतात त्यासाठी हा चाळीस डॉलर मागतो. म्हणजे गेम वाईट नव्हता, त्याची कोणाला गरज नव्हती. हा फरक आकड्यात येत नाही, साठीच्या आसपासचा पिवळा चौकोन तेवढा दिसतो. ऑक्टोबरच्या अखेरीस तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओच बंद करण्यात आला. मॉलमध्ये नवीन चहाचं दुकान टाकावं, चहा फक्कड असावा, पण बाहेर दारातच कोणी मोफत चहा वाटत असावं, तशी गत.

ॲस्ट्रो बॉटचं उलट. ९४चा आकडा, डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्सचा ‘गेम ऑफ द इयर’. छोटासा रोबो, उड्या मारतो, हरवलेल्या भावंडांना शोधतो, बस्स. पण कंट्रोलर हातात घेतलात की कळतं, पायाखाली वाळू आहे की काच हे तळहाताला जाणवतं. सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं. तरी माझ्या लक्षात राहिला तो एक वेगळा सूर. गेमभर प्लेस्टेशनच्या जुन्या पात्रांची जत्रा आहे, ‘एप एस्केप’, ‘लोकोरोको’, कोण कोण. आणि काही समीक्षकांनी बरोबर विचारलं, की ज्या मालिका सोनी आता बनवतच नाही, ज्या जपान स्टुडिओनं त्या जगवल्या तो २०२१मध्ये गुंडाळला गेला, त्यांच्याच आठवणींवर हा सोहळा? लग्नाच्या अल्बममध्ये आता बोलणं बंद झालेले काका हसताना दिसावेत, तसं काहीसं. हे वाचल्यावर गेम मला कमी आवडला नाही. उलट त्या पातळीवर पोचलो तेव्हा जरा थबकलो.

आपल्या पोरांचा गेम

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ खेळलाय का? राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ. ऑगस्ट २०२०मध्ये तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे जे कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलंच जात नाही त्यावर! पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्याच पोरांना पीएस४, एक्सबॉक्स आणि पीसीवर खेळायला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. द गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या गेमांमध्ये नामांकनही मिळालं.

तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, ‘आपला गेम आहे, पाच स्टार द्या.’ मीही दिले. बाहेरच्या समीक्षकांनी मात्र सरळ लिहिलं: राजवाडे, रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट अप्रतिम, लढाई अडखळती, कॅमेरा कधीकधी दगा देतो, चार-पाच तासांत संपतो आणि शेवट मध्येच तोडल्यासारखा. तेव्हा राग आला होता. पुन्हा खेळलो तेव्हा प्रत्येक तक्रार पटली. पुढे त्यांनी सुधारित आवृत्ती काढली, त्यात लढाईवर काम केलेलं होतं आणि हिंदी आवाजही आले. आमच्या पाच स्टारांमधून त्यांना यातलं काय कळलं असतं?

बाकी आमच्या ग्रामपंचायतीचं म्हणाल, तर शेवटचा ठराव ‘क्लेअर ऑब्सक्युर: एक्सपिडिशन ३३’चा होता. फ्रान्समधल्या माँपेलिएचा सँडफॉल इंटरॲक्टिव्ह स्टुडिओ, मुख्य टीम तीसेक जणांची, एप्रिल २०२५चा गेम. एक चित्रकर्ती दरवर्षी आकाशाला भिडलेल्या दगडावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. आकडा दरवर्षी एकानं कमी होतो. आता ३३. म्हणजे तिथं तिशी गाठली की म्हातारपण, आणि आम्ही इथं अजून बॅकलॉग काढतोय.

या वेळी आम्ही चौघांनी तीन रिव्ह्यू मोठ्यानं वाचले, जेवताना. कथा आणि संगीत यांबद्दल सगळे एका सुरात. तक्रारी वेगवेगळ्या: आतल्या भागांत छोटा नकाशा नाही म्हणून माणूस भरकटतो, वार परतवण्याचं टायमिंग कडक आहे, तिसऱ्या अंकात तुम्ही इतके ताकदवान होता की लढायांची हवा जाते. ‘मी तर बसस्टॉपवरूनही भरकटतो,’ एक म्हणाला. दुसऱ्याची हरकत वेगळी होती. आळीपाळीनं वार करायचे म्हणजे ल्युडो झाला, त्यासाठी १,२५० देणार नाही. तीन विरुद्ध एक. डिस्क घ्यायची, संपली की विकायची, आणि त्याचा वाटा आम्ही तिघांनी भरायचा, असं ठरलं.

परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये निळा उजेड. ल्युडोवाला एकटाच बसला होता, एकाच राक्षसाशी अकराव्यांदा लढत होता, आणि प्रत्येक वार परतवताना ओठ आवळून आकडे मोजत होता. मला बघून म्हणाला, ‘डिस्क विकू नका रे इतक्यात.’

वाटा अजून दिलेला नाही त्यानं.